कुकरच्या दांडीला चिंधी का बांधलीय? घरातली वस्तू डिझाइन करायला घेताय त्यांच्यासाठी

दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी मला एक चित्र पाठवतं. कॉम्प्युटरवर केलेलं, गुळगुळीत, पांढऱ्या बॅकग्राउंडवर तरंगणारं काहीतरी, चॉपर असेल, लिंबू पिळायचं यंत्र असेल, आणि खाली मेसेज, "मॅडम कसं वाटतंय सांगा ना." आता चित्र बघून काय सांगणार डोंबल. ओल्या हातात दिल्याशिवाय वस्तूचं काही कळत नाही. मी गेली बारा वर्षं भांडी आणि किचनमधल्या बारीकसारीक वस्तू डिझाइन करतेय, बहुतेक काम भोसरी-चाकणकडच्या छोट्या कारखान्यांसाठी, आणि तेच तेच प्रत्येकाला वेगळं टाइप करून कंटाळा आला म्हणून एकदा नीट लिहून काढते. कॉलेजात प्रोजेक्ट करणारे, वडिलांचं प्लॅस्टिक मोल्डिंगचं युनिट आहे आणि आता जॉबवर्क सोडून स्वतःचं प्रॉडक्ट काढायचंय असे, किंवा घरी थ्रीडी प्रिंटर आणून बसलेले, सगळ्यांना चालेल. डिग्रीवाल्यांना यातलं काही बाळबोध वाटेल, वाटू दे.

१. आधी काम ठरवा, वस्तू मागाहून

"मला चॉपर बनवायचाय" म्हणालात की संपलं, कारण डोक्यात बाजारातला चॉपर येऊन बसतो आणि मग तुम्ही फक्त त्याचा रंग आणि झाकण बदलत राहता. त्याऐवजी एका कागदावर काम लिहा, आणि असं लिहा की त्यात माणूस दिसला पाहिजे. "सकाळी साडेसहा, तीन डब्यांची भाजी, चार कांदे, कडेवर पोर, एकच हात मोकळा." बघा, लगेच प्रश्न बदलतो. पातं किती धारदार हा प्रश्न मागे पडतो आणि भांडं एका हाताने जागेवर राहील का हा पुढे येतो.

मिक्सरचं उदाहरण यासाठी भारी आहे. मिक्सर युरोपात आधीपासून होतेच, पण तिथलं काम म्हणजे फळांचा रस, केकचं पीठ असलं मऊ. आपल्याकडे त्यात सुकं खोबरं पडतं, हळकुंड पडतं, भिजवलेली डाळ अर्धा अर्धा तास वाटली जाते. सुमीत मिक्सरची गोष्ट तुम्ही ऐकली असेल, माधुरी माथुर यांचा जर्मन मिक्सर बिघडला आणि त्यांचे इंजिनिअर नवरे सत्यप्रकाश माथुर यांनी आपल्या वाटणाला पुरून उरेल अशी मोटर घालून नवीनच मिक्सर उभा केला, १९६३ साली कंपनी काढली. वस्तूचं नाव तेच, मिक्सर. काम वेगळं, म्हणून आतून सगळंच वेगळं.

आणि एक जुनी गोष्ट. १९५८ मध्ये भारत सरकारने चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझाइनर नवरा-बायकोला इथे बोलावून अहवाल लिहायला सांगितला होता, त्यातूनच पुढे १९६१ ला अहमदाबादची एनआयडी, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन, उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी सगळ्यात जास्त कौतुक कशाचं केलं असेल तर आपल्या तांब्या-लोट्याचं. आणि नुसतं छान छान नाही, प्रश्नांची यादीच दिली: पाणी किती मावायला हवं, ते आणायचं कसं, डोक्यावर की कमरेवर की हातात, भरलेला असताना तोल कुठे आणि रिकामा असताना कुठे, ओतताना धार कशी पडते, आतून हात घालून घासता येतो का, किंमत किती, मोडीत काय मिळेल. तुमच्या वस्तूसाठी अशी यादी करा. पंधरा तरी प्रश्न झाले पाहिजेत, आणि त्यात "दिसायला कसं" हा एकच असू दे.

२. घरी जाऊन बसा, आणि तोंड बंद ठेवा

नवीन माणूस इथेच गुगल फॉर्म बनवतो. "तुम्हाला सध्याची किसणी वापरताना अडचण येते का? हो / नाही / सांगता येत नाही." सगळे "नाही" लिहितात. खोटं बोलतात असं नाही हो, त्यांना खरंच वाटतं की अडचण नाही, कारण अडचण आली की आपल्याकडची माणसं वस्तूला दोष देत नाहीत, स्वतःला देतात. बोट कापलं की "माझंच लक्ष नव्हतं." झाकण उघडेना की "माझ्या हातात आता जोर नाही राहिला." वॉशिंग मशिन कळेना की "मला मेलीला या मशिनातलं काही जमत नाही, सून लावते." माझ्या सख्ख्या आत्याने चार वर्षं मायक्रोवेव्हमध्ये फक्त दूध गरम केलं, कारण बाकीच्या बटणांना हात लावला तर काहीतरी बिघडेल अशी भीती, आणि विचारलं तर म्हणायची "छान आहे की." ही "छान आहे की" आपल्या धंद्यातली सगळ्यात महागडी वाक्यरचना आहे.

म्हणून बघायचं. पाच-सहा घरी जा, खऱ्या कामाच्या वेळी जा, दुपारी तीनला चहाच्या वेळी गेलात तर पाहुणचार होईल, काम दिसणार नाही. परवानगी घेऊन मोबाइलने फक्त हातांचा व्हिडिओ काढा, चेहरा नको, चेहरा नसेल तर माणसं दोन मिनिटांत विसरतात की शूटिंग चालू आहे. दुसरा हात काय करतोय ते बघा, नवशिके कायम काम करणाऱ्या हाताकडे बघतात आणि खरी गंमत दुसऱ्या हातात असते, तो काहीतरी धरून ठेवत असतो, दाबत असतो, आवरत असतो. काम सुरू व्हायच्या आधी काय काय गोळा केलं आणि संपल्यावर काय काय पुसलं तेही बघा. आणि हात कुठे थबकला, अर्धा सेकंद का होईना, तिथे वहीत फुली मारा.

मध्ये बोलू नका. "काकू, असं उलटं धरून बघा ना" हे वाक्य तोंडातून निघालं की तो सगळा व्हिडिओ वाया.

३. चिंध्या, रबरं आणि नेलपॉलिशचे ठिपके शोधा

ही माझी स्वतःची आवडती पायरी, आणि फुकटची आहे. माणसं तक्रार करत नाहीत पण गुपचूप दुरुस्ती करतात. कुठल्याही चालत्या स्वयंपाकघरात पाच मिनिटं उभं राहा आणि कंपनीने न दिलेलं काय काय वस्तूला लावलंय ते मोजा.

कुकरच्या दांडीला चिंधी बांधलीय म्हणजे दांडी तापते किंवा तिचा कंगोरा टोचतो किंवा स्क्रू ढिला होऊन ती खुळखुळते, तीनपैकी काय ते चिंधी सोडल्यावर कळेल. पोळपाटाखाली ओला फडका घातलाय म्हणजे पोळपाट सरकतोय. मिक्सरच्या झाकणावर तळहात दाबून धरलाय, झाकण बसलंय की नाही याची खात्री नाही. गीझरच्या बटणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका, म्हणजे शेजारची सहा बटणं दिसायला सारखी. तेलाच्या कॅनच्या तोंडाला टिश्यू किंवा कापूस गुंडाळलाय, धार तुटत नाही आणि ओघळ येतो. शांपू आणि कंडिशनरच्या बाटल्यांपैकी एकीला रबर लावलंय, अंघोळ करताना चष्मा नसतो आणि दोन्ही बाटल्या जुळ्या. डब्यावर चिकटपट्टीने "रवा" लिहिलंय, ही खरं तर डब्यापेक्षा रव्याची चूक, पण पारदर्शक डबा का विकला जातो ते यावरून कळतं.

प्रत्येक जुगाडाचा फोटो काढा आणि त्याखाली एकच ओळ लिहा, "हे कशासाठी केलं असेल?" वीस फोटो झाले की तुमच्याकडे वीस प्रॉडक्टांच्या कल्पना आहेत, आणि प्रत्येकीला किमान एक गिऱ्हाईक आधीच आहे.

आता माझी फजिती सांगते, म्हणजे वरचं सगळं मी कुठून शिकले ते कळेल. सुरुवातीच्या वर्षांत एका छोट्या कारखान्यासाठी नारळ खवायचं यंत्र करत होते, ते हँडल फिरवायचं असतं ना, खाली व्हॅक्युमचा रबरी तळ, खटका दाबला की ओट्याला चिकटतं, डाव्या हातात नारळाची वाटी धरायची आणि उजव्याने हँडल फिरवायचं. ऑफिसमध्ये आम्ही पन्नासेक नारळ खवले, एकदम मस्त. गणपतीच्या आधी बारा घरांत वापरायला दिली. आठ दिवसांनी गेले तर सात जणींकडे यंत्र खोक्यात परत. "छान आहे की." एका काकूंकडे हट्टाने बसले, म्हटलं आज मोदकाचं सारण तुम्ही यावरच करा. त्यांनी ते ओट्यावर ठेवलं, खटका दाबला, पहिल्या फेऱ्याला ते जागेवरून सुटलं. पुन्हा दाबलं, पुन्हा सुटलं. ओटा कडप्प्याचा होता. कडप्पा खडबडीत, त्यावर हवा आत शिरते, व्हॅक्युम धरणारच नाही. आमच्या ऑफिसमध्ये पॉलिश केलेला ग्रॅनाइट. हे मला कागदावर कुणी विचारलं असतं तर मीही सांगू शकले असते की खडबडीत दगडावर व्हॅक्युम चालत नाही, पण मला विचारायचं सुचलं नाही कारण माझ्या डोळ्यासमोर एकच ओटा होता.

पुढचं जास्त महत्त्वाचं. काकूंनी काय केलं, ते यंत्र उचलून खाली फरशीवर ठेवलं, शेजारी फतकल मारून बसल्या, त्याच्या तळावर एक गुडघा टेकवला आणि खवायला लागल्या. म्हणजे विळीवर बसतात तसं! विळीला जिथे टोकाला खवणीचं दातेरी चाक असतं तिथे दोन्ही हात नारळाला मोकळे असतात कारण पाट पायाखाली दाबलेला असतो, अंगाचं वजन हाच क्लॅम्प. शेकडो वर्षांचं हे उत्तर समोर होतं आणि आम्ही रबराच्या वाटीवर पैसे घालत बसलो होतो. त्यानंतरच्या मॉडेलला तळ लांब केला, खाली सिलिकॉनचे चार पाय, आणि एका टोकाला गुडघा किंवा कोपर टेकेल एवढी सपाट जागा. उभ्याने वापरा, बसून वापरा. दिसायला आधीपेक्षा बोजड झालं, कारखान्याचे मालक नाराज होते, पण खोक्यात परत गेलं नाही.

४. हात मोजा, "सरासरी माणूस" विसरा

सरासरी उंचीसाठी केलेली वस्तू बऱ्याच जणांना थोडी थोडी चुकीची होते. नियम साधा आहे: जिथे मावायचंय तिथे मोठ्या माणसाचं माप घ्या, जिथे पोचायचंय किंवा जोर लावायचाय तिथे लहान आणि अशक्त माणसाचं. कपाच्या कानात बोट शिरायचंय, मोठं बोट धरा. वरच्या फळीवरचा डबा काढायचाय, बुटकी आजी धरा. झाकण उघडायचंय, सगळ्यात कमी जोराचा हात धरा. पुस्तकातले आकडे बघताना युरोप-अमेरिकेची मापं उचलून घालू नका, भारतीय शरीरमापांचं एक जाडजूड पुस्तक एनआयडीनेच १९९७ मध्ये काढलंय, देबकुमार चक्रवर्ती यांचं, डिझाइन कॉलेजच्या लायब्ररीत बघा.

माझे कामचलाऊ आकडे देते, टेस्टिंग सुरू करायला बरे. मुठीत पकडायची दांडी ३० ते ४० मिमी जाड. लांबी १०० मिमीच्या खाली नको, नाहीतर दांडीचं टोक तळव्याच्या मधोमध रुततं. भांडं आणि दांडी यांच्यात निदान ३० मिमी, कारण मधे बोटं येणार आणि भांडं गरम असणार. ओट्याची उंची कोपरापासून दहा-पंधरा सेंटीमीटर खाली, आणि कणीक मळायची जागा त्याहून जरा खाली असेल तर खांद्यातून जोर लावता येतो, म्हणून तर बायका परात खाली घेऊन बसतात, ती काही जुनी खोड नाही.

गोल दांडी आणि लंबगोल दांडी यातला फरक एकदा स्वतः करून बघा. बटाटा सोलताना गोल दांडी हातात फिरते आणि ती फिरू नये म्हणून आपण नकळत मूठ आवळतो, अर्धा जोर त्यातच जातो. न्यूयॉर्कच्या सॅम फार्बर यांच्या बायकोला, बेट्सी यांना, संधिवात होता, साधं सोलाणं हातात धरवत नव्हतं, त्यावरून सॅम यांनी स्मार्ट डिझाइन या स्टुडिओबरोबर जाड, लंबगोल, काळ्या रबराची दांडी असलेलं सोलाणं केलं आणि १९९० मध्ये ऑक्सो गुड ग्रिप्स नावाने बाजारात आणलं. दांडीला अंगठा आणि बोट टेकतात तिथे रबराचे पातळ पडदे आहेत, दाबले की वाकतात, म्हणजे ओला हात घसरत नाही आणि दुकानात हात लावल्या लावल्या कळतं की इथे धरायचं. त्या खोक्यावर "संधिवाताच्या रुग्णांसाठी" असं लिहून विकलं नाही, सगळ्यांसाठी म्हणून विकलं, यातच हुशारी होती. दुखऱ्या हाताला जमलं की धडधाकट हाताला जमतंच, उलटं होत नाही. आणि कुठल्या सासूबाईंना "वृद्धांसाठी विशेष" लिहिलेलं सोलाणं आवडेल?

५. न सांगता कळलं पाहिजे

तुमच्या घरातला हॉलचा स्विचबोर्ड आठवा. आठ बटणं, एकसारखी, एका ओळीत. दहा वर्षं त्या घरात राहूनही पाहुण्यांसमोर तुम्ही पंखा लावताना आधी ट्यूब लावता, मग बाल्कनीचा दिवा, मग पंखा. यात तुमच्या स्मरणशक्तीचा काही संबंध नाही. बटणांची मांडणी आणि छतावरच्या दिव्यांची मांडणी यांचा एकमेकांशी काही संबंधच ठेवलेला नाही. वायरमनने ज्या क्रमाने वायरी आल्या त्या क्रमाने जोडल्या.

गॅसच्या शेगडीवर यावर खूप जुना प्रयोग झालाय. अमेरिकेत १९५९ मध्ये शापानिस आणि लिंडेनबॉम या दोन संशोधकांनी चार बर्नरच्या शेगडीच्या चार वेगवेगळ्या मांडण्या करून लोकांना बर्नर दाखवून नॉब ओळखायला लावला. नेहमीच्या चौकोनी मांडणीत, नॉब समोर एका ओळीत, लोक चुकतच राहिले. एका मांडणीत मात्र मागचे दोन बर्नर पुढच्यांच्या बरोबर मागे न ठेवता जरा बाजूला सरकवले होते, म्हणजे डावीकडून उजवीकडे बर्नरचा क्रम आणि नॉबचा क्रम एकच झाला, त्यात चुका झाल्याच नाहीत. ना चित्र, ना लेबल. इतकी वर्षं झाली, दुकानात जाऊन काचेच्या चार बर्नरच्या शेगड्या बघा, अजून नॉबशेजारी ते चार ठिपक्यांचं बारीक चित्र छापतात आणि ते दोन वर्षांत घासून जातं.

म्हणजे लेबल लावायची वेळ आली की थांबा आणि मांडणी बदलून बघा. तरीही आकडे लागणारच असतील, मापाच्या कपावर वगैरे, तर छापू नका, साच्यातच उठावाचे घ्या, तारेच्या घासणीपुढे छपाई टिकत नाही. फक्त लाल-हिरव्या रंगाने चालू-बंद दाखवू नका, बऱ्याच पुरुषांना हे दोन रंग वेगळे दिसत नाहीत. आणि लोकांच्या सवयीशी भांडू नका. आपल्याकडे बटण खाली दाबलं की चालू, अमेरिकेत वर केलं की चालू. दोन्ही बरोबर. पण तिथून डिझाइन उचलून इथे आणलंत तर तुमचा माणूस आयुष्यभर चुकत राहील आणि परत म्हणेल माझंच चुकतं.

त्याच्याही वरची पायरी म्हणजे चूक करताच येऊ नये. याचं उत्तम उदाहरण तुमच्या ओट्यावर आहे. हॉकिन्ससारख्या कुकरचं झाकण आतून बसतं, तोंड आणि झाकण लंबगोल असल्याने ते तिरकं करून आत घालायचं आणि वर ओढून लावायचं. आत वाफ कोंडली, चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलोचा दाब झाला, पाणी १२० अंशाच्या आसपास उकळायला लागलं, की तोच दाब झाकणाला आतून कडेवर दाबून धरतो. वाफ असेपर्यंत पहिलवानाने ओढलं तरी उघडणार नाही. "वाफ असताना झाकण उघडू नये" ही सूचना तिथे छापायची गरजच नाही, ज्यापासून धोका तोच कुलूप झालाय. स्वतःच्या वस्तूत असं काही जमतंय का बघा, नेहमी जमत नाही. आणि जाता जाता, कुकरसारख्या वस्तूत हात घालणार असाल तर आयएस २३४७ हे मानक आधी वाचा, १ फेब्रुवारी २०२१ पासून आयएसआय मार्कशिवाय घरगुती कुकर विकताच येत नाही.

६. पुठ्ठा, कणीक, वाळू

मॉडेल लवकर करा आणि घाण करा. सुंदर मॉडेलवर लोक टीका करत नाहीत, बिचाऱ्या मुलीने एवढी मेहनत घेतलीय म्हणून. पहिलं मॉडेल पुठ्ठ्याचं, थर्माकोलचं, चिकटपट्टीचं. दांडीचा आकार शोधायला घट्ट मळलेली कणीक काठीभोवती लावा आणि पाच-सहा जणांना खऱ्या कामासारखी मुठीत धरायला द्या, बोटांचे ठसे तिथेच उमटतात, मग वाळवून त्याचा फोटो. मी हे अजून करते आणि कारखान्यात अजून हसतात.

वजन विसरू नका. पोकळ मॉडेल हातात घेऊन कुणीही "हलकं आहे, छान" म्हणेल, खरी वस्तू तेवढी हलकी नसणार, तर आत वाळू भरून खऱ्या वजनाला आणा, आणि भांडं असेल तर पाणी भरून ओतायला लावा. थ्रीडी प्रिंट करत असाल तर पीएलए, म्हणजे त्या प्रिंटरचं नेहमीचं प्लॅस्टिक, ६० अंशाच्या आसपास मऊ पडतं, त्यात गरम डाळ ओतून टेस्ट घेऊ नका, आणि थरांच्या फटींत अन्न अडकतं म्हणून खायच्या पदार्थाला रोज वापरायलाही देऊ नका.

७. टेस्ट म्हणजे परीक्षा, पण वस्तूची

सुरुवातीलाच समोरच्याला सांगा की काही अडलं तर चूक आमची आहे, आम्हाला तीच हवीय. मग वस्तू हातात द्या, काम सांगा, "या डब्यातून दोन वाट्या तांदूळ काढा आणि डबा परत लावा," आणि गप्प बसा. वापर समजावून सांगायचा नाही. मला माहितीय किती त्रास होतो, आपण सहा महिने केलेली वस्तू माणूस उलटी धरतो आणि आपल्याला ओरडावंसं वाटतं. हाताची घडी घाला. तुम्ही गिऱ्हाइकाच्या घरी खोक्यात बसून जाणार नाही आहात.

प्रत्येक वस्तू किमान एकदा अशी वापरायला लावा: तेलाच्या हाताने, पीठ लागलेल्या हाताने, चष्म्याशिवाय, डाव्या हाताने, आणि लाइट गेल्यावर मोबाइलच्या उजेडात. डब्याची निम्मी फॅन्सी झाकणं तेलाच्या हातालाच नापास होतात.

किती जण पुरे? वेबसाइटवाल्यांमध्ये पाच जणांत बहुतेक चुका सापडतात असं म्हणतात, वेबसाइट वापरायला सोप्या कशा करायच्या यातले तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी २००० मध्ये लिहिलं तेव्हापासून. वस्तूंनाही साधारण चालतं, फक्त पाचही जण तुमच्या सोसायटीतले, एकाच वयाचे नकोत. एक कडप्प्याचा ओटावाला पाहिजेच, माझ्यातर्फे. आणि पाच जण झाले की थांबून वस्तू सुधारा, मग नवे पाच. त्याच मॉडेलवर पंधरा जण घेण्यात काही अर्थ नाही, तीच चूक पंधरा वेळा बघाल.

८. धुणं, ठेवणं, मोडणं

चित्रात ही पायरी नसते म्हणून सगळे विसरतात, पण वस्तू घरात टिकते की माळ्यावर जाते ते इथे ठरतं. वापर दोन मिनिटं आणि धुणं सात मिनिटं असेल तर ती चार दिवसांत माळ्यावर गेली समजा. आतल्या कोपऱ्यात घासणी धरलेलं बोट पोचलं पाहिजे, जिथे पोचत नाही तिथे कणीक वाळून बसणार. सुटे भाग तीनच्या वर गेले की एक हमखास हरवतो. आणि ठेवायचं कुठे? मुंबईतल्या किचनमध्ये चौरस इंचाला किंमत आहे, आपली पातेली बघा, दांडीच नाही, एकात एक बसतात, आणि सगळ्यांची मिळून दांडी एकच, सांडशी. पाहुण्यांना हे मागासलेलं वाटतं, मला तर यापेक्षा चांगलं स्टोरेज अजून सुचलेलं नाही. टांगायला भोक तरी द्या.

दुरुस्तीचं म्हणाल तर कुकरची रिंग, शिट्टी, मिक्सरचा कपलर हे कुठल्याही तालुक्याच्या गावात भांड्याच्या दुकानात मिळतं, म्हणून त्या वस्तू वीस वीस वर्षं चालतात. तुमच्या वस्तूत झिजणारा भाग कुठला ते तुम्हीच आधी ठरवा, तो साध्या पेचकसने सुटेल असा ठेवा, आणि शक्य असेल तर बाजारात आधीच मिळणारं माप वापरा. खास आकाराची रबरी रिंग काढलीत तर ती पुरवायची जबाबदारी जन्मभर तुमची.

माहितीपत्रक छोटं ठेवा, मराठीत द्या, चित्रं मोठी. कुणी वाचणार नाही हे धरूनच चाला.

९. विकल्यावर परत जा

मोल्ड झाला, माल बाजारात गेला की लोक पार्टी करतात आणि पुढच्या प्रोजेक्टला लागतात. सहा महिन्यांनी त्याच घरांत परत जाऊन या. मी त्या नारळाच्या काकूंकडे गेले होते, दिवाळी होऊन गेल्यावर. यंत्र ओट्यावर होतं, वापरातलं दिसत होतं, मी आतून खूश. आणि बघते तर फिरवायच्या हँडलला, माझ्या हँडलला, जुन्या साडीची चिंधी बांधलेली. विचारलं का बांधली, तर म्हणाल्या, "अगं काही नाही, सहज. छान आहे की." मग त्या चहा टाकायला वळल्या तेव्हा मी चिंधी सोडली. खाली साच्याच्या जोडावर प्लॅस्टिकचा बारीक फ्लॅश, म्हणजे बाहेर आलेली पातळ कड, आला होता, नखाएवढाही नाही, पण फिरवताना दर फेऱ्याला तो तळव्याच्या एकाच जागी घासत असणार. फोटो काढला, मोल्डवाल्याला पाठवला, आणि खाली लिहिलं, "पुढच्या लॉटच्या आधी जोड घासून द्या."